उडी मारणारा कोळी : परिसर अभ्यासातील एक निरीक्षणपाठ

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



कार्यालयीन कामासाठी अथवा खरेदीसाठी पुण्यास गेलेल्या खेड्यातील शिक्षकाची पावले परतीच्या गाडीपूर्वी एकदा तरी मंडईकडे वळतात. तुळशीबागेतून बाहेर पडले की तो उंच अष्टकोनी मनोरा, दगडी भिंती आणि उतरती छपरे दिसू लागतात. आत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, लिंबांचे ढीग, केळ्यांचे घड, तागड्यांचा आवाज आणि भाव करणाऱ्यांची गर्दी. २०२४ सालापासून तर या भागाखालून भुयारी मेट्रोही धावू लागली आहे.

या वास्तूचा इतिहास शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १८८६ च्या सुमारास ती उभी राहिली तेव्हा तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणत. जोतीराव फुले हे १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. नव्या मंडईवर मोठी रक्कम खर्च करण्याच्या बेतास त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. इमारत व्हावयाची ती झालीच. पुढे १९३८ च्या सुमारास, मुख्याध्यापक म्हणून पुण्यात नाव मिळविलेले आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीस महात्मा फुल्यांचे नाव देण्यात आले. विरोध करणाऱ्याचेच नाव इमारतीस लाभावे, हा काळाचा न्याय म्हणावा की विनोद, हे ज्याचे त्याने ठरवावे. प्रस्तुत विषय मात्र त्या भिंतींवर राहणाऱ्या, भाडे न देणाऱ्या एका भाडेकरूचा आहे. आणि त्याच्यावरून शिकवावयाच्या पाठास कोणत्याही खर्चाची मंजुरी लागत नाही.

मंडईसारख्या जागी फळे असतात, फळांवर चिलटे असतात, सांडलेल्या रसावर माश्या असतात. आणि जेथे माश्या तेथे त्यांचा शिकारी हा आलाच. सकाळी उन्हे भिंतीवर आली की दगडाच्या अंगावर अथवा गाळ्याच्या लाकडी फळीवर घटकाभर नजर ठेवावी. करंगळीच्या नखाएवढा, करड्या किंवा काळसर रंगाचा एक जीव चालताना दिसतो. चार पावले चालतो, थांबतो, पुन्हा चार पावले चालतो. एखादी माशी वीतभर अंतरावर बसली की तो पुढचे अंग तिच्याकडे वळवितो, पोट भिंतीस टेकवितो आणि मांजरासारखा दबकत पुढे सरकू लागतो. माशीने पंख हलविले की हा थिजतो. अंतर दोन-तीन बोटांचे उरले म्हणजे भिंतीवर एक बारीकसा धागा चिकटवितो, आणि पुढच्या क्षणी तो माशीच्या पाठीवर असतो. उडी डोळ्यांना दिसतच नाही; उडीच्या आधीचे आणि नंतरचेच काय ते दिसते.

हा उडी मारणारा कोळी होय. प्राणिशास्त्रात या कुलास साल्टिसिडी असे नाव आहे. कोळ्यांच्या सर्व कुलांत हे सर्वांत मोठे. सहा हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडील इमारतींच्या भिंतींवर त्यांतील तीन जाती वारंवार भेटतात. पहिली प्लेक्सिपस पेकुली : हिचा नर काळा, अंगावर पांढरे उभे पट्टे असलेला, आणि मादी तपकिरी. दुसरी मेनेमेरस बायव्हिटॅटस : चपट्या अंगाची, भिंतीच्या रंगात मिसळून जाणारी. तिसरी हॅसॅरियस अडॅन्सोनी : हिच्या काळसर नराच्या अंगावर पांढऱ्या चंद्रकोरीसारखी खूण असते. माणसाच्या वस्तीबरोबर जगभर पसरलेले हे जीव आहेत. पुण्याच्या मंडईस जे मानवते ते खेड्यातील शाळेच्या ओसरीसही मानवते. तेव्हा हा पाठ देण्यासाठी मुलांना पुण्यास नेण्याचे काही कारण नाही.

आता एका अडचणीचा विचार करू. मराठीत 'कोळी' हा शब्दच जाळ्याशी बांधलेला आहे. पाण्यात जाळे टाकणारा तो कोळी, आणि कोपऱ्यात जाळे विणणारा तोही कोळी. राजा व कोळी यांची गोष्ट कितीतरी पिढ्यांनी ऐकलेली; तिच्यातही कोळी धागा धरून पुनःपुन्हा चढतो. दसरा-दिवाळीला जळमटे काढावयाची, त्या जळमटांचा मालक तो कोळी, एवढीच त्याची घरोघरची ओळख. त्यामुळे 'कोळी काय करतो?' या प्रश्नाचे 'जाळे विणतो' हे उत्तर फळ्यावर लिहिले जाते, वहीत उतरते आणि परीक्षेत त्यास पूर्ण गुण मिळतात.

समजा, तिसरीतील एखादा मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमच्या गोठ्याच्या भिंतीवरचा कोळी जाळे करीत नाही, तो उडी मारून माशी धरतो." त्यास 'खाली बस, पुस्तकात काय दिले आहे ते सांग' असे उत्तर मिळाले, तर त्या मुलाचे काय होईल? तो खाली बसेल. तो उत्तर पाठ करील आणि उत्तीर्णही होईल. परंतु स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वर्गात बोलावयाची नसते, हे तो त्या दिवशी शिकेल, आणि पुढील कोणत्याही इयत्तेत ते त्याच्या मनातून पुसले जाईल याची खात्री देता येत नाही. मुलाचे म्हणणे तर अक्षरशः खरे आहे. सर्वच कोळी भक्ष्य धरण्यासाठी जाळी विणत नाहीत. पुष्कळशा जाती भटकून अथवा दबा धरून शिकार करतात. धागा मात्र प्रत्येक कोळ्यास काढता येतो. उडी मारणारा कोळी त्याचा उपयोग निराळा करतो : रात्री झोपण्यासाठी व कात टाकण्यासाठी फटीत किंवा पानाच्या घडीत पांढरी पिशवी विणतो, मादी अंड्यांभोवती तेच अस्तर घालते, आणि उडीपूर्वी चिकटविलेला धागा आधाराची दोरी म्हणून कामी येतो. उडी चुकली तर कोळी भुईवर न पडता त्या दोरीस लोंबकळतो आणि पुन्हा वर चढतो. हाच धागा हवेत असताना त्याच्या अंगास स्थिर ठेवतो, असेही २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले आहे.

या प्राण्याचे खरे वैभव त्याच्या डोळ्यांत आहे. डोळे आठ. त्यांतील दोन अगदी समोर, मोठे, मोटारीच्या दिव्यांसारखे. बाकीचे सहा डोक्याच्या कडेने मागेपर्यंत मांडलेले. कडेचे डोळे हालचाल टिपतात. त्यांच्यामुळे कोळ्यास मागील बाजूचेही बहुतेक सर्व कळते. म्हणूनच पाठीमागून बोट नेले तरी तो गर्रकन वळतो. वळतो तो समोरच्या दोन डोळ्यांनी नीट पाहण्यासाठी. हे दोन डोळे म्हणजे जणू लहान दुर्बिणी आहेत. भिंग बाहेर, त्यामागे लांबट नळी, आणि नळीच्या टोकाशी चार थरांचा पडदा. एका वेळी दिसणारा भाग अगदी अरुंद असतो. पण तेवढा भाग इतका स्पष्ट दिसतो की काही जातींची दृष्टी चतुराच्या दृष्टीहूनही सुमारे दहापट सूक्ष्म भरते. भिंग जागचे हलत नाही. हलते ती आतील नळी. वाचणाऱ्याची नजर ओळीवरून फिरावी तशी ती समोरच्या वस्तूवरून फिरते. मायकेल लँड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६९ साली या हालचालींचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. भिंग घेऊन जवळून पाहिल्यास मोठ्या डोळ्यांचा रंग मधूनच गडद आणि मधूनच फिका होताना दिसतो. तो या नळीच्या फिरण्याचाच परिणाम असतो. एखाद्या जिवंत प्राण्याचा डोळा आतून हलताना बाहेरून दिसावा, असे उदाहरण मुलांना दाखविण्यास दुसरे सहसा सापडणार नाही.

उडीसाठी अंतराचा अचूक अंदाज हवा. हा अंदाज कोळी कसा बांधतो, याचे उत्तर २०१२ साली जपानी संशोधकांनी दिले, आणि त्यांनी त्यासाठी निवडलेला कोळी हॅसॅरियस अडॅन्सोनी हाच होता. पडद्याच्या चार थरांपैकी एकावर हिरव्या प्रकाशातील चित्र स्वच्छ उमटते आणि त्याच्या लगतच्या थरावर तेच चित्र किंचित पुसट उमटते. वस्तू जितकी जवळ तितका हा पुसटपणा अधिक. त्यावरून अंतर कळते. संशोधकांनी कोळ्यास हिरव्या प्रकाशात उडी मारावयास लावले, तेव्हा ती बरोबर बसली. तांबड्या प्रकाशात मात्र तो अलीकडेच पडू लागला. एवढ्याशा मेंदूत हे गणित कसे होते याचे आश्चर्य वाटावे. परंतु गणित हा शब्दही येथे जपूनच वापरावयास हवा. कोळी मोजीत नाही, त्यास दिसते.

आता उडीचे बळ पाहू. टोळाची मागील तंगडी जाड असते, तशी या कोळ्याची नसते. मग बळ येते कोठून? कोळ्यांच्या पायांच्या काही सांध्यांत पाय मिटणारे स्नायू असतात, परंतु पाय पसरणारे स्नायू नसतात. पाय पसरतो तो आतील रक्तसदृश द्रवाच्या दाबाने. शेतात फवारणीच्या पंपाची मऊ नळी दाब येताच ताठ होते, त्यासारखाच हा प्रकार. कोळी शरीराच्या पुढील भागातील दाब एकाएकी वाढवितो आणि मागील पाय झटक्याने सरळ होऊन तो फेकला जातो. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आवळून आलेले मुलांनी शंभरदा पाहिलेले असतात. त्याचे कारण त्यांस सहसा कोणी सांगत नाही. दाब संपला, मिटणारे स्नायू तेवढे उरले, म्हणून पाय मिटले. गुळगुळीत काचेवरून हा कोळी चालतो त्याचे रहस्य मात्र पावलांतील केसांच्या झुपक्यांत आहे. एव्हार्का आर्क्युएटा या युरोपातील एका जातीच्या पावलांवरील सूक्ष्म केसांची टोके मोजली असता ती सहा लाखांहून अधिक भरली.

शिक्षकांच्या सभेत पेकहॅम दांपत्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. जॉर्ज पेकहॅम हे अमेरिकेतील मिलवॉकी शहरी माध्यमिक शाळेत जीवशास्त्राचे शिक्षक होते. पुढे ते मुख्याध्यापक आणि नंतर शहराचे शाळाप्रमुख झाले. पत्नी एलिझाबेथ या त्यांच्या कामात बरोबरीच्या भागीदार. शाळेचे काम सांभाळून या दोघांनी उडी मारणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास केला, आणि त्यांच्या प्रणयाराधनाविषयीचा प्रबंध १८८९ साली प्रसिद्ध केला. आजही या विषयावर लिहिणाऱ्यास त्या प्रबंधाकडे वळावे लागते. त्यांची साधने म्हणजे काचेची झाकणे असलेल्या पेट्या आणि तासन्‌तास पाहत बसण्याची तयारी. यांतील दुसरे साधन पहिल्याहून दुर्मीळ.

त्यांनी जे पाहिले ते असे. नर मादीसमोर येतो तो सरळ येत नाही. पुढील पाय वर उचलतो, एका बाजूस सरकतो, थांबतो, दुसऱ्या बाजूस सरकतो, पोट हलवितो. आणि हा नाच प्रत्येक जातीचा निराळा असतो. नर आपले रंग मादीस दिसतील अशाच बाजूने वळतो. पायाखालच्या पृष्ठभागातून तो कंपनेही पाठवितो, हे पुढील संशोधनात कळून आले. नाच मनास आला नाही, तर मादी निघून जाते; कधी कधी नर्तकासच खाऊन टाकते. मुलांस हे सांगावयाचे किंवा कसे, हे वयोमान पाहून ठरवावे. परंतु मुले एरवी शेतावर याहून अधिक पाहत असतात, हेही विसरू नये.

याच पेकहॅम दांपत्याने १८९६ साली मध्य अमेरिकेतील एका कोळ्यास बघीरा किप्लिंगी असे नाव दिले. सिवनीच्या जंगलातील मोगलीच्या गोष्टीमधील काळा चित्ता बघीरा मुलांच्या ओळखीचा असतो. त्याचेच हे नाव. गंमत अशी की, हा नावाचा चित्ता प्रत्यक्षात बव्हंशी शाकाहारी निघाला. तो बाभळीच्या जातीच्या झाडांवर राहतो आणि त्या झाडांच्या पानांच्या टोकांशी येणारे पौष्टिक कण खातो, हे २००९ साली प्रसिद्ध झाले. कोळी म्हणजे मांसाहारी, हेही विधान अपवादासहच शिकवावे लागते.

काही जाती मुंगीचे सोंग घेतात. आंब्याची पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या बागाइती भागातील शिक्षकांस ठाऊक आहेत. त्यांच्यात वावरणारा, त्यांच्याच रंगाचा, लांबट अंगाचा एक कोळी असतो. त्यास मुंगीप्रमाणे सहाच पाय आणि दोन स्पर्शिका आहेत असे वाटते. वास्तविक पाय आठच. पुढचे दोन तो डोक्यासमोर उचलून स्पर्शिकांसारखे हलवीत चालतो. चावणाऱ्या मुंगीच्या वाटेस पक्षी सहसा जात नाहीत, त्याचा लाभ हे सोंग घेणाऱ्यास मिळतो. सोंग उघडे पाडण्याची युक्ती सोपी आहे : पानावर टिचकी मारावी. मुंगी चालत राहते. कोळी धाग्यास लोंबकळून खाली उतरतो.

चीनमधील अशाच एका मुंगीसदृश जातीविषयी २०१८ साली आलेली माहिती तर कोणासही थक्क करणारी आहे. तिची मादी पिलांना आपल्या अंगातून पाझरणारा दुधासारखा द्रव पाजते. त्यातील प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या सुमारे चौपट असते, आणि पिले जवळजवळ चाळीस दिवसांपर्यंत ते पितात. यावरून कोळी सस्तन प्राणी ठरत नाही, हे सांगणे नको. परंतु 'दूध पाजणारे ते सस्तन' एवढेच वाक्य पाठ करून घेणाऱ्या शिक्षकास यापुढे थोडे थांबावे लागेल. २०२२ साली जर्मनीतील संशोधकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. रात्री धाग्यास लटकून झोपलेल्या कोळ्याच्या पिलांची कातडी पारदर्शक असल्यामुळे आतील डोळ्यांच्या नळ्या दिसतात. त्या ठरावीक वेळाने भराभर हलतात आणि पायही आचके देतात. झोपेत माणसाचे डोळे पापण्यांखाली हलतात, त्या अवस्थेशी याचे साम्य आहे. कोळ्यास स्वप्ने पडतात, असे मात्र अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. मुले हा प्रश्न विचारणारच. 'माहीत नाही' हे उत्तर त्या वेळी निःसंकोच द्यावे.

आता भीतीविषयी. अंगावरून कोळी गेला की पुरळ उठते, फोड येतात, असा समज खेडोपाडी आहे आणि शहरातही तो कमी नाही. उडी मारणारा कोळी माणसास अपाय करीत नाही. चिरडला गेल्यास क्वचित चावतो, आणि तो चावा किरकोळ असतो. अंगावर उठणाऱ्या त्या जळजळीत रेघांचे कारण पुष्कळदा निराळेच असते. पावसाळ्यात दिव्यावर येणारा नारिंगी-काळ्या रंगाचा एक बारीक लांबट किडा कातडीवर चिरडला गेला, की त्यातील द्रवाने तेथे फोड येतात. यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे नागीण. कांजिण्यांचे विषाणू शरीरात वर्षानुवर्षे सुप्त राहून पुढे एका बाजूस वेदनायुक्त फोडांचा पट्टा उठवितात, ती नागीण. घरातील वडीलधाऱ्यास असे फोड उठले आणि 'कोळी फिरला' म्हणून लेप लावीत चार दिवस घालविले, तर तोटा मोठा होतो. कारण या रोगावरील औषधाचा खरा गुण पहिल्या तीन दिवसांत सुरू केले तर येतो. डोळ्याजवळ फोड असल्यास दृष्टीसही धोका पोहोचतो. वर्गातील चाळीस मुलांनी घरी जाऊन 'हे कोळ्याने झालेले नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात चला' एवढे सांगितले, तरी या पाठाचे चीज झाले असे समजण्यास हरकत नाही.

कोळ्यापासून होणाऱ्या फायद्याविषयी मात्र अतिशयोक्ती टाळावी. तो माशा, चिलटे व डास खातो हे खरे. पूर्व आफ्रिकेतील एक जात तर रक्त पिऊन फुगलेल्या डासांचीच निवड करते, हे २००५ साली दाखविण्यात आले. तथापि तो गावातील डास संपवील, अशी आशा मुलांच्या मनात निर्माण करू नये. साचलेले पाणी काढून टाकण्यास पर्याय नाही. शिवाय त्यास उपयुक्त आणि निरुपयोगी असा भेद कळत नाही. संधी मिळाल्यास तो लहान मधमाशी आणि दुसरा कोळीही धरतो. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. भिंतींवर कीटकनाशकाचा फवारा मारला की माशीबरोबर तिचा शिकारीही मरतो; आणि माशीची नवी पिढी उन्हाळ्यात उकिरड्यावरून आठ-दहा दिवसांत परत येते.

महाराष्ट्रात या कोळ्यांच्या नव्या जाती अद्याप सापडत आहेत. ठाणे जिल्ह्यात आढळलेल्या एका जातीस २०२१ साली आयसियस तुकारामी असे नाव देण्यात आले. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे सुपुत्र आणि मुंबई पोलीस दलातील सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव आहे. २००८ सालच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवरील हल्ल्याच्या रात्री त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ एका हल्लेखोराची बंदूक हातांनी धरून ठेवली, प्राण दिला आणि त्यास जिवंत पकडणे शक्य केले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. २०१९ साली आणखी एका जातीस सचिन तेंडुलकर यांचे नाव मिळाले. ही दोन नावे सांगितल्यावर वर्गातील शांतता कशी बदलते, ते शिक्षकांनी स्वतःच अनुभवावे.

पाठाची तयारी फारशी नाही. आदल्या दिवशी मुलांस एवढेच सांगावे की, घराच्या, गोठ्याच्या किंवा शाळेच्या उन्हाच्या भिंतीवर उडी मारणारा कोळी शोधा आणि तो काय करतो ते पाहून या. मारू नका, धरू नका. दुसऱ्या दिवशी प्रथम मुलांनी बोलावे. शिक्षकाने मध्ये न बोलता फळ्यावर प्रत्येकाचे म्हणणे लिहावे, परस्परविरुद्ध असले तरीही. 'त्याला दहा पाय होते' असे कोणीतरी सांगणारच. ते चूक म्हणून खोडू नये. तोंडाजवळ पायांसारखी दिसणारी दोन आखूड अंगे असतात. मुलाने ती मोजलेली असतात. त्याने नीट पाहिले, नाव तेवढे ठाऊक नव्हते.

मग एक कोळी स्वच्छ काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत, कागदाच्या कडेने हळूच ढकलून घ्यावा. हाताने धरू नये; भय विषाचे नसून त्याचे पाय मोडण्याचे आहे. तोंडास पातळ फडके बांधावे, आत पाण्यात भिजविलेला कापसाचा बोळा ठेवावा आणि बाटली सावलीत असावी. पेन्सिलीचे टोक बाटलीबाहेरून सावकाश फिरविले म्हणजे तो कसा वळतो, हे चार-चार मुलांच्या गटाने पाहावे. नंतर लहानसा आरसा बाटलीस टेकवून ठेवावा. कोळी नर असला, तर प्रतिबिंबास प्रतिस्पर्धी समजून पुढचे पाय पसरून त्यास धमकाविण्याचा प्रयत्न बहुधा करतो. आरशामागे जाऊन शोधतो का, हेही पाहावे. उडीचे अंतर मोजावयाचे तर चौकटी आखलेल्या कागदावर त्यास सोडून निघाल्याची व उतरल्याची जागा पेन्सिलीने खुणावी, आणि अंतर त्याच्या अंगाच्या लांबीच्या किती पट भरते, ते गणिताच्या तासास काढावे. मादी पांढऱ्या पिशवीजवळ बसलेली आढळली, तर तिला मुळीच हलवू नये. ती अंडी राखीत असते.

सुटीची घंटा होण्यापूर्वी कोळी ज्या भिंतीवरून घेतला, तेथेच बाटली नेऊन आडवी धरावी आणि फडके सोडावे. मुलांनी हातभर अंतरावर उभे राहावे. तो बहुधा लगेच बाहेर पडत नाही. बाटलीच्या तोंडाशी येऊन थांबतो, जमलेल्या चेहऱ्यांकडे एकेक करून वळून पाहतो, काचेवर धागा टेकवितो, आणि मग भिंतीवर उडी घेतो.